फायटरला तीन, क्लेरिकला एकोणीस: डी अँड डीमधले पर्याय मोजले तर...

सोंगटी

गेल्या रविवारची गोष्ट. डोंबिवलीत माझ्या घरी डी अँड डीचं (डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून पात्रं रंगवायचा खेळ) टेबल, पाच खेळाडू आणि मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारी. आम्ही अजून २०१४ चेच नियम वापरतो. सगळे पाचव्या लेव्हलला. दगडी पूल, पुलावर दोन ओगर (धिप्पाड राक्षस).

फायटरचा टर्न आला (फायटर, विझार्ड, क्लेरिक हे क्लास, म्हणजे पात्रांचे पेशे: लढवय्या, जादूगार, पुजारी). "मारतो. लागला? बरं, परत मारतो." वीस सेकंदांत खेळ खल्लास. मग विझार्ड. त्याने शीट उलटी केली, सुलटी केली, मोबाइलवर एक स्पेल (मंत्र) मोठ्याने वाचला, फायरबॉलच्या घेरात आपली क्लेरिक येतेय का ते विचारलं, येतेय म्हटल्यावर क्लेरिकलाच जरा सरकायला सांगितलं (तिचा टर्न नव्हता), आणि एवढं करून शेवटी साधा फायर बोल्ट टाकला. सहा मिनिटं. मी घड्याळ लावलं होतं. तेवढ्यात फायटर स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवून आला.

निघताना जिन्यात तो मला म्हणाला, "ताई, माझ्या शीटवर करण्यासारखं काही नाहीच गं." मी म्हटलं असं कसं, आणि दार लावून मोजायला बसले.

मोजायची रीत अशी धरली: पाचवी लेव्हल, मुख्य गुण १८, आणि सकाळी उठल्यावर त्या दिवसापुरत्या स्वतःच्या म्हणून किती वेगवेगळ्या गोष्टी हातात आहेत. विझार्डच्या पुस्तकात स्वतःचे १४ स्पेल (पहिल्या लेव्हलला ६, पुढे दर लेव्हलला २), पण तयार करता येतात ९. त्यात ४ कॅन्ट्रिप (कितीही वेळा टाकता येणारे छोटे स्पेल), म्हणजे १३. सॉर्सररला ६ स्पेल आणि ५ कॅन्ट्रिप, ११. वर मेटामॅजिकचे (स्पेल हवा तसा वाकवायच्या युक्त्या) २. बार्डचे ८ आणि ३, तेही ११. वॉरलॉकचे ६ आणि ३ म्हणजे ९, शिवाय ३ इन्व्होकेशन्स (कायमच्या जादूच्या करामती), पण स्लॉट (स्पेल टाकायच्या मोजक्या संधी) फक्त दोन.

चकित झाले ते क्लेरिकपाशी. तयार केलेले ९, डोमेनचे (तिच्या देवाच्या क्षेत्राचे) आपोआप मिळणारे ६, कॅन्ट्रिप ४. एकोणीस! सगळे विझार्डच्या पुस्तकाचं कौतुक करतात आणि पाचव्या लेव्हलला सर्वात लांब यादी घेऊन उभी असते ती आमची क्लेरिक, जी दर टर्नला "कोणाला लागलंय?" एवढंच विचारते.

फायटर बॅटल मास्टर (फायटरचा एक सबक्लास, म्हणजे पोटप्रकार) असेल तर ३ मनूव्हर्स (लढाईतले डाव). आमचा चॅम्पियन आहे. त्याला तिसऱ्या लेव्हलला मिळालं काय, तर फाशावर फक्त २० ऐवजी १९ वरही क्रिटिकल (जबर फटका). निवडलेलं असं शून्य. अ‍ॅक्शन सर्ज (एक जादा कृती) आणि सेकंड विंड (जखम थोडी भरून काढणं) आहेत, पण ते सगळ्याच फायटरांना मिळतात.

तुमच्या टेबलवर काय दिसतं? आणि माझं काही चुकत असेल तर सांगा.

आळशी अस्वल

वाचतोय. पण ड्रुइड (निसर्गाचा जादूगार) कुठाय यादीत? निषेध.

मून ड्रुइड, पाचवी लेव्हल: तयार ९, कॅन्ट्रिप ३, म्हणजे बारा. शिवाय वाइल्ड शेपमध्ये (प्राण्याचं रूप घेणं) चॅलेंज रेटिंग (किती जड जाईल त्याचा आकडा) १ पर्यंतचे प्राणी. पुस्तकामागे पानंच्या पानं आहेत. नियमात अट आहे की तो प्राणी तुम्ही आधी पाहिलेला हवा. आमचा डीएम ती फार मनावर घेतो. "तुझ्या ड्रुइडने जिराफ कुठे पाहिला? राणीच्या बागेत?"

आता कबुली. दीड वर्ष झालं, एवढ्या प्राण्यांतून मी दर वेळी तपकिरी अस्वलच होतो. ३४ हिट पॉइंट (किती मार सोसेल तो आकडा), दोन हल्ले, विषय संपला. एकदा कोळी झालो होतो, तेव्हा मला कंटाळा आला आणि क्लेरिकला किळस.

जुनाखेळिया

छान धागा. जरा मागे जाऊ.

१९७४ च्या मूळ पेटीत क्लास तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूझर आणि क्लेरिक. चोर आला १९७५ च्या पुरवणीत. आज एकोणीसवाली तुमची क्लेरिक तेव्हा पहिल्या लेव्हलला एकही स्पेल टाकू शकत नसे. मॅजिक-यूझरला दिवसाला एक. तो एकदा टाकला की उरलेला दिवस बाकीच्यांच्या मागे दडून काढायचा. तेव्हा 'फायटरला काही करता येत नाही' ही तक्रार कोणी केली असती तर लोक हसले असते. जगायचं कसं हा प्रश्न मॅजिक-यूझरचा होता.

ही दरी पुढे वाढत गेली. साडेतीनव्या आवृत्तीत (२००३) फायटरला वीस लेव्हलमध्ये ११ जादा फीट्स (खास कसब) मिळत. आकडा दणदणीत. पण फीट घेतली की कायमची, आणि बऱ्याचशा फीट्स म्हणजे अमुक शस्त्राला +१. ते पर्याय नव्हेत, ती पगारवाढ.

मग २००८ ला चौथी आवृत्ती आली आणि त्यांनी सरळ वाटणी केली. फायटर असो की विझार्ड, पहिल्या लेव्हलला सगळ्यांना दोन अ‍ॅट-विल, एक एन्काउंटर, एक डेली (हवं तेव्हा, लढाईत एकदा आणि दिवसात एकदा वापरायच्या करामती). मोजायला बसलात तर सगळे सारखे. इतिहासात एकदाच सोंगटीताईंचा तक्ता पाच मिनिटांत भरून झाला असता. आणि लोक काय म्हणाले? "सगळे क्लास एकसारखेच वाटतात." मला स्वतःला ती आवृत्ती आवडायची. त्यातला वॉरलॉर्ड मी दोन वर्षं खेळलो. स्वतः न मारता दुसऱ्याकडून मारून घ्यायचं, आपल्याकडच्या एकत्र कुटुंबातल्या थोरल्या काकासारखं.

तळ्यात मळ्यात

अस्वल, तुमच्या कबुलीतच उत्तर आहे. सोंगटी, तू यादी मोजलीस. टर्न आल्यावर त्यातलं जिवंत किती उरतं ते मोज.

मी विझार्ड खेळते म्हणून सांगते. माझे पाचव्या लेव्हलचे नऊ: शील्ड, मेज आर्मर, मॅजिक मिसाइल, मिस्टी स्टेप, वेब, इन्व्हिजिबिलिटी, फायरबॉल, हेस्ट, फ्लाय. आता लढाई सुरू झाली असं धर. मेज आर्मर सकाळीच टाकून झाला. शील्ड माझ्या टर्नला टाकायचाच नसतो, कोणी मारलं की मग. वेब, इन्व्हिजिबिलिटी, हेस्ट, फ्लाय या चौघांना कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे एका वेळी एकच. पहिल्याच राउंडला मी फायटरवर हेस्ट (वेग वाढवणारा) टाकला की उरलेले तीन असून नसल्यासारखे, कारण दुसरा टाकला की हेस्ट जाणार आणि फायटरचा एक अख्खा टर्न वाया जाणार. तिसऱ्या लेव्हलचे स्लॉट दोन, त्यातला एक हेस्टमध्ये गेला. आपली माणसं मध्ये असतील तर फायरबॉल बाद. मिस्टी स्टेप पळायला. राहिलं काय? मॅजिक मिसाइल आणि फायर बोल्ट.

नऊ अधिक चार तेरा, आणि दुसऱ्या राउंडला हातात दोन. तुमचा विझार्ड सहा मिनिटं घेतो ते तेरातून निवडायला नव्हे. तेरातले अकरा का नाहीत हे त्याला दर वेळी नव्याने शोधावं लागतं.

मिरजेचा_बार्ड

तळ्यात मळ्यात यांना +१, पण एक फरक राहतोय. बदलता येतं की नाही?

क्लेरिक आणि ड्रुइड रोज सकाळी आपल्या अख्ख्या यादीतून नवे स्पेल उचलतात. आज भुतं आहेत? घ्या भुतांचं औषध. आम्ही बार्ड आणि सॉर्सरर लेव्हल वाढल्यावर एक स्पेल बदलणार. सॉर्सरर विसाव्या लेव्हलला पोचला तरी १५ स्पेल. विझार्डच्या पुस्तकात तोवर नुसते फुकटचे ४४ झालेले असतात. वर सापडलेले स्पेल उतरवून घ्यायचे ते वेगळेच, स्पेलच्या दर लेव्हलमागे दोन तास आणि ५० सोन्याची नाणी. आणि रिच्युअल (सावकाश, स्लॉट न घालवता टाकायचे स्पेल) तर विझार्ड तयार न करताच पुस्तकात बघून टाकतो. मी सॉर्सरर घेतला होता तेव्हा चौथ्या लेव्हलला एक चुकीचा स्पेल घेतला, तो पुढचं लेव्हल येईपर्यंत चार महिने सांभाळला. आमचं सेशन महिन्यातून एकदाच होतं.

म्हणून मला वाटतं पर्याय तीनदा मोजावेत. कॅरेक्टर बनवताना किती, सकाळी किती, टर्नला किती. बार्बेरियनच बघा. टोटेम वॉरियरला तिसऱ्या, सहाव्या आणि चौदाव्या लेव्हलला अस्वल, गरुड, लांडगा यातून एकेक निवडायचा. तीन गुणिले तीन गुणिले तीन, २७ प्रकारचे बार्बेरियन. हंटर रेंजरचे तर चार टप्पे, ३, ३, २, ३, म्हणजे ५४! आणि एकदा निवडलं की टर्नला काय? मारतो. परत मारतो.

दगडधोंडा

चॅम्पियनला काही नाही म्हणणाऱ्यांनी जरा पुस्तक उघडा. नववा धडा. प्रत्येकाला दहा अ‍ॅक्शन्स आहेत: हल्ला, स्पेल, डॅश, डिसएंगेज, डॉज, मदत, लपणं, रेडी, शोधणं, वस्तू वापरणं. स्पेल सोडा, नऊ राहिल्या. शिवाय हल्ल्याच्या जागी ग्रॅपल (पकडणं) आणि शव्ह (ढकलणं किंवा पाडणं).

सोंगटीताई, तुम्ही म्हणालात पूल होता. पुलावर ओगर. आणि फायटर नुसता मारत बसला?

हिशेब बघा. ओगर लार्ज आहे. शव्ह आपल्यापेक्षा एक माप मोठ्यापर्यंत चालतो, म्हणजे चालतो. तुमच्या फायटरची ताकद १८ आणि अ‍ॅथलेटिक्स येत असेल तर +७. ओगरची ताकद १९, पण अ‍ॅथलेटिक्स येत नाही, म्हणून +४. बरोबरी सुटली तर ओगर जागच्या जागी, तरी पारडं तुमच्याकडेच झुकलेलं. जिंकलात तर पाच फूट ढकला. कठड्याशी उभा असेल तर तो खाली नदीत, त्याचे ५९ हिट पॉइंट गेले खड्ड्यात. नदीत ढकलायचं नसेल तर पहिल्या हल्ल्यात पाडा, दुसरा अ‍ॅडव्हांटेजने (दोन फासे टाकून मोठा आकडा घ्यायचा) मारा. दोन फासे, त्यात एकावर तरी १९ किंवा २० येण्याची शक्यता १९ टक्के. चॅम्पियन यासाठीच आहे. अ‍ॅक्शन सर्ज वापरलात तर पडलेल्यावर आणखी दोन.

काही नाही म्हणे.

नवशिका

मी या सगळ्यात नवीन. बाल्डर्स गेट ३ मुळे इकडे आलो (२०२३ ला आलेला व्हिडिओ गेम, याच नियमांवर). त्यात मी शव्ह शेकडो वेळा केलाय. कड्यावर गॉब्लिन दिसला की ढकल. पण तिथे तो मुख्य कृतीशिवायची जादा, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन आहे आणि मुख्य म्हणजे खाली पट्टीत त्याचं बटण असतं. मित्रांबरोबर टेबलवर खेळायला लागल्यापासून मी एकदाही शव्ह केलेला नाही. दगडधोंडा यांचा प्रतिसाद वाचेपर्यंत तो इथे असतो हेच माहीत नव्हतं. माझ्या कॅरेक्टर शीटवर ते कुठेच लिहिलेलं नाही.

दगडधोंडा

@नवशिका, शंभर पैकी शंभर. स्पेल शीटवर लिहायला रकाने आहेत, शव्हला नाही.

मुंगीपावलं

दगडधोंडा, पूल पाहिजे ना पण. दर वेळी डीएमने पूल आणि कठडा मांडून ठेवायचा का फायटरसाठी?

शिवाय तुम्ही सगळे लढाईच मोजताय. माझ्या टेबलवर फायटरचा खरा कंटाळा लढाईबाहेर सुरू होतो. मागच्या महिन्यात एका सरदाराच्या वाड्यात घुसायचं होतं. रोग (rogue, चोरट्या कसबांचा क्लास) भिंत चढली आणि कुलूप काढलं. बार्डने दारवानाला सजेशन (मन वळवणारा स्पेल) टाकून घरी पाठवलं. विझार्डने आपलं घुबड उडवून आतल्या खोल्या पाहून घेतल्या. ड्रुइड उंदीर होऊन मुदपाकखान्यात. फायटर माझ्याकडे बघत होता. मी विचारलं, तू काय करतोस? तो म्हणाला, "मी घोडे सांभाळतो." सव्वा तास त्याने घोडे सांभाळले!

ही गोष्ट मनूव्हर्स वाढवून सुटत नाही. बॅटल मास्टरला पुस्तकात १६ मनूव्हर्स आहेत, २०२० च्या पुरवणीत आणखी ७ आले. त्या सात जणांतच पहिल्यांदा तीन असे आहेत ज्यांत मनूव्हरचा डाइस (वापरला की संपणारा जादा फासा) बोलण्याच्या, लपण्याच्या किंवा शोध घेण्याच्या फाशात मिळवता येतो. बाकी सगळे मारामारीचे. बरं, फायटरला अबिलिटी वाढवायच्या संधी सर्वात जास्त, वीस लेव्हलमध्ये ७. रोगला ६, इतरांना ५. फीट्स ४२ आहेत. पण २०१४ च्या पुस्तकात फीट्स हा ऐच्छिक नियम, आणि ताकद २० झाल्याशिवाय कोण घेतो?

आता मी काय करते ते सांगते. सेशनच्या आधी फायटरला एक माणूस देते. वाड्यातला पहारेकरी, जुना पलटणीतला दोस्त, उधारी असलेला लोहार. दार स्पेलने उघडतं तसं ओळखीनेही उघडतं. नियमात नाही, पण चालतं.

सॅनहोजेचा_आबा

इथे आमचा सगळा कंपू पाथफाइंडर या डी अँड डीसारख्याच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीवर (२०१९) गेला, याच भांडणाला कंटाळून. टर्नला तीन अ‍ॅक्शन्स, कशाही वापरा. दुसऱ्या-तिसऱ्या हल्ल्याला दंड बसतो म्हणून माणूस आपसूक पाडणं, घाबरवणं, हुलकावणी असलं काहीतरी शोधतो. फायटरला पहिल्या आणि पुढे प्रत्येक सम लेव्हलला क्लास फीट, म्हणजे वीसपर्यंत ११. स्किलच्या फीट्स वेगळ्या, वंशाच्या वेगळ्या. नियम नेटवर अधिकृतपणे फुकट.

तोटाही सांगतो. कॅरेक्टर बनवायला एक आख्खी संध्याकाळ लागते आणि बायको विचारते, टॅक्स भरताय का.

मिरजेचा_बार्ड

@आबा :)

डी अँड डीच्या २०२४ च्या नव्या प्लेअर्स हँडबुकबद्दल (खेळाडूंचं नियमपुस्तक) कोणीच बोललं नाही. तिथे निदान दुकान सारखं मांडलंय: बारा क्लास, प्रत्येकाला चार सबक्लास, सगळे तिसऱ्या लेव्हलला. २०१४ ला विझार्डला ८, क्लेरिकला ७ आणि बिचाऱ्या बार्बेरियनला २ होते. सॉर्सररचे विसाव्या लेव्हलचे स्पेल १५ चे २२ झाले, देवा तुझे उपकार. हत्यारवाल्यांना वेपन मास्टरी (हत्याराचा खास जादा परिणाम) मिळाली. आठ प्रकार आहेत, फायटरला पहिल्या लेव्हलपासून तीन हत्यारांची. रोगला पाचव्या लेव्हलला स्नीक अटॅकचा (चोरट्या वाराच्या जादा इजेचा) एक फासा सोडून त्याबदल्यात पाडता, विष घालता किंवा सटकता येतं. ही कल्पना मला फार आवडली, कारण यात काहीतरी द्यावं लागतं.

तळ्यात मळ्यात

रोगचं पटलं. मास्टरीचं नाही. आमच्याकडे एकाने टॉपल (पाडणारी मास्टरी) असलेलं हत्यार घेतलं. दर फटक्याला समोरच्याने सेव्ह करायचा (पडू नये म्हणून फासा टाकायचा). टर्नला दोन फटके, दोन सेव्ह, प्रत्येक राउंडला, प्रत्येक लढाईत. तो काही निवडत नाही, त्याचं ठरलेलंच आहे. फासे मात्र डीएमला फेकावे लागतात. पर्याय वाढले नाहीत, कारकुनी वाढली.

जुनाखेळिया

द्यावं लागतं हा बार्डबुवांचा मुद्दा सोडू नका. बॅटल मास्टरचे चार डाइस, वॉरलॉकचे दोन स्लॉट. संपणारी गोष्ट असली की माणूस विचार करतो. चॅम्पियनचं काही संपतच नाही, म्हणून त्याला ठरवायला काही नाही. सोंगटीताई, तुमच्या त्या जिन्यातल्या पोराला सबक्लास बदलून द्या. तिसऱ्या लेव्हलची निवड होती, कॅम्पेन काही बुडत नाही.

सोंगटी

सगळ्यांचे आभार. उशिरा आले, मध्ये रविवार होता.

दोन गोष्टी केल्या. एक, नवशिका यांचं बटण डोक्यात बसलं होतं, म्हणून पोस्टकार्डाएवढे पुठ्ठे कापले आणि प्रत्येकाला एकेक दिला. वर मोठ्या अक्षरांत: ढकल, पाड, पकड, मदत, डॉज, रेडी. खाली त्याचा त्याचा आकडा. विझार्डच्या पुठ्ठ्यावर तळ्यात मळ्यातने सांगितल्याप्रमाणे कॉन्सन्ट्रेशनवाले स्पेल लाल पेनाने लिहिले. त्याचा सर्वात लांब टर्न अडीच मिनिटांवर आला. क्लेरिकने पुठ्ठा पाहिला आणि पहिल्यांदाच स्पिरिच्युअल वेपन काढलं. ते तिच्या डोमेनमध्ये तिसऱ्या लेव्हलपासून फुकट पडून होतं.

दुसरं, चॅम्पियनला बॅटल मास्टर करून दिला. ट्रिप अटॅक, प्रिसिजन, रिपोस्ट. पहिली लढाई नदीकाठी, चार डाकू. पठ्ठ्याने चारही डाइस तिथेच उडवले. दोघांना पाडलं, एकाचा वार चुकताच उलटा रिपोस्ट हाणला, आणि हुकलेला एक फटका प्रिसिजनने बसवला. चहाला उठला नाही. लढाई संपल्यावर म्हणाला, "आता एक तास बसूया, माझे डाइस परत येतील."

विझार्ड वैतागला. "तुझे येतील. मी तासभर काय करू? मला शॉर्ट रेस्टमध्ये काय मिळतं?"

मिरजेचा_बार्ड

आर्केन रिकव्हरी, काही स्लॉट परत. पहिल्या लेव्हलपासून आहे.

सोंगटी

हो. क्लेरिकने सांगितलं त्याला.